विहिरीच्या नावावर टँकरचं पाणी

अन्वर, त्या दिवशी विहिरीत टँकर रिता केला होता. मी पोचलो तेव्हा पाईप अजून आत सोडलेला होता आणि कठड्यावरून पाणी ओघळत होतं. तू नंतर फोनवर विचारलंस, "पाणी विहिरीचंच होतं ना? वरून काही ओतलं नव्हतं?" मी म्हणालो, "न्हाई रे, विहिरीचंच." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला, श्रुतीलाही नाही. तुला सांगायचा तर प्रश्नच नव्हता, कारण खोटं तुझ्याशीच बोललो होतो.

तुझे मित्र तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढताहेत. माझ्याकडे दोन पानं मागितली. "तुम्ही सगळ्यात जवळचे," म्हणाले. बाकीचे तुझ्या अभ्यासाबद्दल लिहितील, तुझ्या हसण्याबद्दल लिहितील. माझ्याकडे लिहिण्यासारखं हेच आहे. ते छापतील की परत पाठवतील, मला माहीत नाही.

तू असतास तर भुवई उचलून म्हणाला असतास, "आत्ताच का आठवलं, जळकोट? मी गेल्यावर सोपं झालं का?" हो, झालं. तुझ्या डोळ्यांत बघून हे बोलणं मला जमलं नसतं. तू चष्मा कपाळावर चढवून माणसाकडे बघायचास ना, घड्याळाचं झाकण उघडल्यासारखा, त्या नजरेची मला भीती होती. नांदेडच्या दुकानात तुझे अब्बा असंच बघायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, सेल संपलाय. अब्बा म्हणायचे, आधी उघडू तर द्या. तू तोच धंदा दगडमातीत केलास.

आपण भेटलो भूकंपानंतर, किल्लारीकडच्या छावणीत. मी मूळचा जळकोटचा, लातूरच्या कॉलेजातून आलेला, तू नांदेडच्या. पत्र्याच्या शेडमध्ये आपल्याला काम दिलं होतं ते विहिरींच्या पाण्यात थेंब टाकून क्लोरीन बघायचं. पिवळं झालं की ठीक, नाही झालं की पावडर टाकायची. एका गावचा म्हातारा आपली पायपीट वाचावी म्हणून बादलीच घेऊन आला. मी लगेच बाटली पुढं केली. तू माझा हात धरलास.

"मामा, ही बादली कुठल्या विहिरीची?"

"गावातल्याच."

"गावात तीन विहिरी आहेत."

"अरं पोरा, पाण्याला काय जातीचा दाखला लागतोय का?"

"हाव मामा, लागतो."

म्हातारा आधी चिडला, मग हसला. मला वाटतं, घर पडल्यापासून तो पहिल्यांदाच हसला असावा. आणि तू त्याच्याबरोबर उन्हात पार विहिरीपर्यंत गेलास. परत आलास तेव्हा मला म्हणालास, "बादली टाकीतली होती. मदतीच्या टाकीतली. बिचाऱ्याला वाटलं, चांगलं पाणी दाखवावं." त्या दिवशी तू मला जळकोट म्हणायला लागलास आणि मी तुला नांदेड. पुढं माझी प्रयोगशाळा झाली, तू भूगर्भाचा सल्लागार झालास, पोरंबाळं झाली, पण नावं तीच राहिली.

तुझा शक कुणाला सोडायचा नाही. एसटीचा कंडक्टर, चहावाला, माझ्या बायकोनं केलेला मसालेभात. "वहिनी, यात वाटाणा कालचा आहे," म्हणून तू शिव्या खाल्ल्यास आणि वाटाणा खरंच कालचा निघाला. श्रुती आठवीत असताना तापली. डॉक्टर मलेरिया म्हणाले, आम्ही गोळ्या सुरू केल्या. तू संध्याकाळच्या गाडीनं आलास, तिच्या हातावरचे पुरळ बघितलेस आणि भांडून दुसरीकडे रक्त तपासायला लावलंस. डेंग्यू निघाला. ती अजून म्हणते, अन्वरकाकानं वाचवलं. त्याच पोरीसाठी मी तुझ्याशी खोटं बोललो, हे पुढं सांगतो.

ती जागा तुला आठवत असेलच. मुलाम्याचा जुना कारखाना. नळ, कड्या, दारांच्या मुठी यांवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवायचे. भूकंपानंतर नवी गावं उभी राहिली, घराघराला नळ आणि कड्या लागल्या, तेव्हा तिथं रात्रपाळीसुद्धा चालायची म्हणे. मग बाहेरून स्वस्त माल आला आणि कारखाना बसला. पत्रे गेले, मशिनी गेल्या, मागं राहिली भिंत, एक विहीर आणि जमिनीत जे मुरलं असेल ते. कोचिंगचं लातूर त्या भिंतीपर्यंत येऊन पोचलं, तेव्हा एका क्लासच्या मालकानं ती जागा घेतली. सगळं गाव त्याला सर म्हणतं, आपणही सरच म्हणू. त्याला तिथं मुलींचं हॉस्टेल बांधायचं होतं. बँकेनं माती आणि पाण्याचा अहवाल मागितला आणि काम आपल्याकडे आलं.

तू आत शिरलास आणि विहिरीकडे न बघता मागच्या कोपऱ्यात गेलास.

"जळकोट, इकडं ये. काय दिसतंय?"

"काही नाही."

"तेच तर. सगळ्या आवारात गाजरगवत कमरेएवढं वाढलंय. इथं त्याची काडी नाही. गाजरगवत ज्या जागेला भिऊन राहिलंय तिथं पोरी झोपणार?"

तिथंच आपण खड्डा घेतला. वर भराव, मग काळी माती, आणि मुरूम लागला तो पिवळट हिरवा. तू ढेकूळ हातमोज्यात धरून बराच वेळ बघत बसलास. तपासणीत क्रोमियम बरंच जास्त आलं. तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलंच नाही. मी म्हणायचो, आपल्या काळ्या पाषाणातच मुळात क्रोमियम असतं, कुठंही खणलं तरी निघणारच. तू म्हणायचास, "दगडातलं क्रोमियम दगडात बसून राहतं, ते पिवळं होऊन हिंडत नाही." मी म्हणालो, तू पुराव्याआधीच निकाल देतोस. तू म्हणालास, "आणि तू निकालाला सोयीचा पुरावा शोधून राहिलास." मला राग आला होता, कारण तोवर ते खरं नव्हतं.

शेवटी ठरलं की निर्णय पाण्यावर करायचा. मातीतलं विष पाण्यात उतरलं नसेल तर तो कोपरा खणून काढायचा, उरलेल्यावर काँक्रीट घालायचं आणि बांधकाम होऊ द्यायचं. उतरलं असेल तर आपण दोघांनी लिहून द्यायचं की इथं माणसं राहू नयेत, निदान हे पाणी वापरू नये. सगळं त्या एका विहिरीवर आलं. तेवढ्यात तुझी अम्मी आजारी पडली आणि तू नांदेडला गेलास. जाताना एसटीच्या खिडकीतून ओरडलास, "मी येईपर्यंत थांब. पाणी दोघं मिळून काढू."

मी थांबलो नाही.

श्रुती तेव्हा बारावीला होती, त्याच सरांच्या क्लासमध्ये. लातूरच्या माणसाला बॅच म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वरच्या बॅचला चांगले शिक्षक आणि रोजचा सराव, खालच्या बॅचला उरलेलं. टेस्टच्या मार्कांवर पोरं वरखाली व्हायची. श्रुती खालच्या बॅचमध्ये होती आणि घरी कुणाशी बोलेनाशी झाली होती. कारखान्याच्या आवारातच सर मला सहज म्हणाले, "मुलगी आपलीच आहे की. सोमवारपासून वरच्या बॅचमध्ये बसू द्या. टेस्ट-बिस्ट बघू नंतर." मी म्हणालो, "बरं सर." त्यांनी बदल्यात काहीच मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित नाही म्हणता आलं असतं.

त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. बँकेची घाई आहे, उद्या सकाळी पाणी घेऊन टाका.

तो रेल्वेनं पाणी आणल्याचा उन्हाळा. त्या उन्हाळ्यात ज्याच्याकडे जुनी विहीर होती त्यानं तिचीच टाकी केली होती. टँकर विहिरीत रिता करायचा आणि लागेल तसं मोटारीनं वर घ्यायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आपल्याकडे टँकर विहिरीत पडला की ते पाणी विहिरीचं होऊन जातं.

सर स्वतः हजर होते. हसतच म्हणाले, "तळाला दोन हात पाणी होतं साहेब, तेही गढूळ. म्हटलं तुम्हाला बाटली भरायला त्रास नको, म्हणून कालपासून दोन टँकर टाकून ठेवले."

तळाचं ते दोन हात गढूळ पाणी, अन्वर. तेवढंच आपल्याला हवं होतं.

त्यांना हे कळत होतं की नव्हतं, यावर मी कितीतरी रात्री घालवल्या. माणूस भोळेपणानं पाहुण्यासाठी पाणी भरून ठेवतो, छावणीतल्या त्या म्हाताऱ्यासारखा. किंवा माणूस पक्का हुशार असतो आणि भोळेपणा पांघरतो. मला अजून सांगता येत नाही. पण मला तरी कळत होतं. क्षार मोजायचं यंत्र पाण्यात धरलं तर आकडा गोड्या टँकरचा, लातूरच्या कुठल्याही विहिरीचा नाही. मी म्हणू शकलो असतो, सर, हे उपसून टाका, नवीन झरू द्या, मी चार दिवसांनी येतो. तोंडात शब्द आलेही होते. मग मला सोमवार आठवला. श्रुती सकाळी वेणी घालताना गुणगुणत होती. मी बाटल्या भरल्या, चिठ्ठी लावली आणि त्यावर लिहिलं, विहिरीचे पाणी.

अहवाल स्वच्छ आला. येणारच होता. तू अम्मीच्या उशाशी बसून फोनवर तो ऐकलास आणि तो प्रश्न विचारलास. मी उत्तर दिलं. मला तुझ्या घरातला पंखा ऐकू येत होता. मग म्हणालास, "तू म्हणतोस तर ठीक." पुढच्या आठवड्यात येऊन सही केलीस. सही करताना माझ्याकडे बघितलं नाहीस, हे माझ्या लक्षात आहे. की तेही मी नंतर रचलं?

हॉस्टेल उभं राहिलं. भोकर, देगलूर, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून मुली आल्या. प्यायला फिल्टरच्या मशीनचं पाणी, बाकी सगळ्याला विहिरीचं. श्रुती डॉक्टर झाली. ती हुशार होती, तशीही झाली असती, असं मी स्वतःला सांगत आलो. तू लातूरला आलास की रिक्षावाल्याला म्हणायचास, "त्या बाजूनं घे." हॉस्टेलसमोरून जाताना बाल्कन्यांतले वाळत घातलेले कपडे बघायचास. "पोरी लई झाल्या रे," एवढंच म्हणायचास. मी तुझ्या आवाजात काहीतरी शोधायचो. याला कळलंय. नाही, कळलं असतं तर हा गप्प बसला नसता. बसला असता. त्यानंतर तू माझ्या घरचा वाटाणा तपासायचा सोडलास, तेव्हाही मला संशय आला. लग्नात भेटलास, आजारपणात भेटलास, हसलास, जळकोट म्हणालास, आणि मी प्रत्येक वेळी तुझं हसू पारखून घेतलं. आयुष्यभर शक तू घेतलास असं लोक म्हणतात. गेली कित्येक वर्षं ते काम मी करत होतो, आणि ज्याच्यावर घेत होतो त्याचा काही गुन्हा नव्हता.

नव्हता ना?

तू गेल्यावर मी तुझ्या घरी आलो होतो. बायका आतल्या खोलीत होत्या, अंगणात खुर्च्या मांडलेल्या. भाभी बाहेर आल्या, पदर सावरून समोर बसल्या. "भाईसाब, चाय तरी घ्या. तुम्ही चहा न घेता गेलात तर इनों मला बोलतील," म्हणाल्या, आणि तू आता बोलणार नाहीस हे आठवून थांबल्या. मग तुझ्या शकाच्या गोष्टी निघाल्या. लोक हसले, रडले. त्यात भाभी सहज बोलून गेल्या.

"माझ्या आपाची पोरगी रुबीना लातूरला शिकायला गेली ना, तिला सरांच्या हॉस्टेलात जागा मिळत होती. इनों म्हणाले, तिथं नको. मी विचारलं, का? तर म्हणाले, तिथलं पाणी मी माझ्या हातानं काढलेलं नाही."

मी कप खाली ठेवला.

"मी म्हटलं, अहो, भाईसाबनी काढलं होतं ना? तर चष्मा पुसत बसले. असेच होते बघा. कुणावरच भरोसा नाही."

आणि त्या माझ्याकडे बघून ओल्या डोळ्यांनी हसल्या. त्यांना काही माहीत नाही. मला तर खात्रीच आहे. जवळजवळ.

नांदेडहून परत येताना गाडीत मला रडू आलं नाही, राग आला. तुझ्यावर. म्हणजे तुला माहीत होतं. रुबीनाला वाचवलंस आणि बाकीच्यांना सोडलंस? माझ्या सहीखाली तुझी सही आहे. माझ्या तोंडावर का नाही म्हणालास, जळकोट, खोटं बोलतोयस? छावणीत परक्या म्हाताऱ्याच्या बादलीवर विश्वास ठेवला नाहीस, आणि माझ्या बाटलीवर सही केलीस? लोह्यापर्यंत मी तुझ्याशी भांडत होतो.

मग वाटलं, तू नेहमीच असा. स्वतः काढलेलं नसेल ते पाणी तू कुणालाच पाजलं नसतंस, त्यात माझा विषय नसेलही. किंवा रिक्षा त्या बाजूनं नेऊन तू मला दर वेळी दार उघडून देत होतास, की आता तरी बोल. की तुला भीती वाटत होती, मी हो म्हणालो तर तुझा एकुलता विश्वास जाईल म्हणून? मला कळत नाही. आणि एक संशय याहून घाणेरडा आहे: तुलाही दोषी ठरवलं की माझं ओझं अर्धं होतं, म्हणून मी तुझ्यात दोष शोधतोय. मेलेल्या माणसावर टाकलेलं ओझं तो परत करत नाही. तेव्हा हे इथंच थांबवतो. प्रश्न विचारलास तू. खोटं उत्तर दिलं मी.

परवा मी हॉस्टेलवर गेलो. आत पहिल्यांदाच. रेक्टर मॅडम चाकूरकडच्या आहेत, बोलायला मोकळ्या. दुपारची वेळ होती, मुली ओले केस पाठीवर सोडून जिन्यात पुस्तकं घेऊन बसलेल्या. मी म्हणालो, मी पाणी तपासणारा आहे. विहिरीचं पाणी सध्या स्वयंपाकाला आणि अंघोळीला वापरू नका.

"का हो? काय झालं?"

"पुन्हा तपासायचं आहे. शंका आहे."

"पाणी जड आहे म्हणून पोरी ओरडतात, केस गळतात म्हणतात. तेच ना?"

हे लातूरच्या प्रत्येक हॉस्टेलातल्या मुली म्हणतात. त्यावरून काही सिद्ध होत नाही. तू असतास तर मला तिथंच अडवलं असतंस, केसांवरून निकाल देऊ नकोस म्हणून. मी मुलींच्या हातांकडे बघत होतो, नखांकडे, चट्टे आहेत का म्हणून. एकीनं हात ओढणीखाली घेतला. माझ्या बघण्याचा तिला वेगळाच संशय आला असणार, आणि तो रास्त होता.

"पण काका," मॅडम म्हणाल्या, "तपासणी तर झालेली आहे. हे बघा की." मशीनच्या वर, भिंतीवर, प्लास्टिकमध्ये घालून अहवालाचं शेवटचं पान लावलंय. पालक विचारतात म्हणून. खाली दोन सह्या. तुझी जरा फिकट झाली आहे.

त्यांनी पान नीट वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. "यावर नाव तर तुमचंच दिसतंय. मग शंका कुणावर आहे?"

जिन्यातल्या मुलींनी माना वर केल्या होत्या. मी म्हणालो, "आज टँकर मागवा, मोटार बंद ठेवा, मी येतो परत." एवढं बोलून बाहेर पडलो. तोंडाशी आलेलं पुन्हा गिळलं. ती सवय इतक्या वर्षांची आहे. संध्याकाळी सरांचा फोन येऊन गेला. मी घेतला नाही. कळायला लागलं असेल त्यांना. की आधीपासून कळत होतं, हेही आता कळेल.

विष आहे असं मी म्हणत नाही, अन्वर. मला माहीत नाही. नाही असंही माहीत नाही. माहीत करून घेण्याचा एक दिवस मला मिळाला होता आणि मी तो पोरीच्या बॅचसाठी घालवला. त्या दिवसानंतर किती मुलींनी त्या पाण्यानं डोकं धुतलं, भात शिजवला, हे मोजायची माझी हिंमत नाही.

तुझी भीती आता गेली, तुझी आठवण मात्र फार येते. एखाद्या ढेकळावर तासभर भांडेल असं आता कुणी उरलेलं नाही. आभार मानायचे राहून गेले, ते पोरीच्या रक्ताचे आणि सगळ्या वाटाण्यांचे. ते मानतो. पण त्यानं फेड होत नाही.

मी देणं लागतो ते असं. ती विहीर तळापर्यंत उपसायची, नवं पाणी झरू द्यायचं, आणि ते माझ्या प्रयोगशाळेत नाही, दुसऱ्या कुणाच्या हातानं काढून दुसरीकडे तपासायला द्यायचं. निकाल येण्याआधी, तो कसाही आला तरी, बँकेला आणि त्या मुलींच्या आईबापांना माझ्या सहीनं लिहून द्यायचं की भिंतीवरचा अहवाल खोटा आहे, तो मी केला आणि अन्वरला फसवून त्याची सही घेतली. श्रुतीला तिची बॅच कशी बदलली ते सांगायचं. मॅडमच्या प्रश्नाला जिन्यातल्या त्या मुलींसमोर उत्तर द्यायचं. यातलं एकही अजून झालेलं नाही.